ओळीतलं नववं घर

लग्न होऊन या ओळीत आले त्याच आठवड्यात मी याम्यांगकाकीची बोलणी खाल्ली. भांडी विसळलेलं पाणी मी बाजूच्या फटीतून ओतलं आणि ते तिच्या सरपणावर गेलं. भिंतीपलीकडून आवाज आला, "नवी सून, रिन्यो ना तुझं नाव? तुझ्या माहेरी लाकडं भिजवून जाळतात का?"

आगटीजवळ बसलेल्या माझ्या सासूबाई हसल्या आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "तुझी लाकडं कोरडी असतात कधी? ताकर आणतो तीच ओली."

मग दोघींचं बराच वेळ चाललं. ताकरच्या लाकडांवरून माझ्या सासऱ्यांच्या घोरण्यापर्यंत गेलं, तिथून कुठल्या तरी जुन्या मेलेल्या डुकरापर्यंत. दोघींच्या मध्ये बांबूची एक विणलेली भिंत, वीतभर फट आणि दुसरी विणलेली भिंत. मला वाटलं, यांचं हाडवैर आहे. संध्याकाळी काकी बांबूच्या नळीत शिजवलेलं मांस घेऊन आली, सासूबाईंच्या शेजारी पाय पसरून बसली, आणि मला म्हणाली, "पाणी मागच्या बाजूला ओतायचं. डुकरं असतात तिथे." एवढंच.

त्या दोघी लहानपणापासून एका पातांगमधल्या. आठ-दहा पोरींची टोळी, आज हिच्या शेतात राबायची, उद्या तिच्या. दोघींच्या कपाळावरची नि हनुवटीवरची गोंदणं एकाच म्हातारीने एकाच हिवाळ्यात केलेली. सासूबाई सांगायच्या की याम्यांग रडली नाही, पण गोंदणाऱ्या म्हातारीला चावली. काकी म्हणायची, चावली ती तुझी सासू. दोघींना एकाच ओळीत स्थळं मिळाली, सासूबाईंना दहाव्या घरात आणि काकीला नवव्या.

नववं घर काकीच्या नवऱ्याने, ताकरकाकांनी, स्वतः बांधलं होतं. म्हणजे बांधायला सगळं कूळ आलं होतं, जसं येतंच, दोन दिवसांत खांब उभे राहून छपरापर्यंत काम झालं होतं; पण वेताच्या गाठी सगळ्या त्यांच्या हातच्या. त्यांच्या गाठीला गावात मान होता. दुसऱ्याने बांधलेली गाठ पाच पावसाळ्यांत ढिली पडायची, त्यांची पडत नसे. माणूस अगदी अबोल. दोन मुली लहानपणीच गेल्या, मग कोयांग झाला, त्या वर्षी हे घर उभं राहिलं. कोयांग अकरा वर्षांचा असताना ताकरकाका तापाने गेले. चार दिवस आजारी होते. पाचव्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडून काही आवाज आला नाही, आणि सासूबाई उठून तिकडे गेल्या.

नंतर ताकरकाकांचा भाऊ म्हणाला, आमच्यात येऊन राहा. काकी गेली नाही. शेत तिने एकटीने केलं, बांधावर नाचणी पेरली, भातात मासे सोडले, बांबूच्या बेटाला दर वर्षी स्वतः कुंपण घातलं. गवताच्या राखेचं मीठ ती अशी पाडायची की अर्ध्या ओळीच्या बायका तिच्याकडून न्यायच्या. कोयांगला शाळेत घातलं. तो शिकला, नाहरलगुनला सरकारी कचेरीत ड्रायव्हर झाला, तिथेच राहू लागला. काकी सगळं करू शकत होती, फक्त घर बांधू शकत नव्हती. ते बायकांचं काम नव्हे.

आणि घर जुनं झालं होतं. आमची घरं वीस वर्षं टिकतात, फार तर पंचवीस. खांबांचे पाय जमिनीत कुजतात, जमिनीच्या कामट्या पायाखाली करकरतात. काकीच्या ओसरीवर तर कुठे पाय द्यायचा नि कुठे नाही ते पाहुण्याला सांगावं लागायचं. दोन हिवाळे ती बांबू तोडून जमवत होती. गावाबाहेर, धान्याच्या कणग्यांजवळ, त्यांची रास रचून वर पेंढा टाकला होता. घराला हजारावर बांबू लागतात. तिचे होत आले होते. येत्या म्योकोच्या सणानंतर, नाहीतर पुढच्या हिवाळ्यात, कुळाला बोलावून घर नवं करायचं, असं तिने ठरवलं होतं. डुक्करही वेगळं काढून ठेवलं होतं, बांधणाऱ्यांना जेवू घालायला.

म्योको गावागावांत पाळीने येतो, आणि त्या वर्षी पाळी आमच्या गावाची होती. सणाला तीन आठवडे राहिले होते, आणि घराघरातले पुरुष बाबोसाठी, म्हणजे सणाला उभारायच्या उंच खांबांसाठी, लाकूड आणायला जंगलात गेले होते. कोरडा वारा सुटला होता. दुपारी खालच्या टोकाच्या पहिल्या घरात आग लागली. आगटीवरच्या टांगत्या फळीवर सणाचं मांस वाळत होतं, त्याची चरबी गळली असावी. घरात एक म्हातारी होती, तिला डुलकी लागली होती. नंतर कोणी तिला काही बोललं नाही. ती स्वतःच सण होईपर्यंत कोणाच्या घरात पाय ठेवायला तयार नव्हती.

आमची ओळ पन्नासावर घरांची, छपराला छप्पर लागलेलं. आग दुसऱ्या घरावर आली तेव्हा आम्ही अजून पाणी आणत होतो. तिसरं, चौथं पेटलं तेव्हा पाणी आणणं सोडलं. बांबू फुटायचे, बंदुकीसारखे. मी सासूबाईंना उचलायला घरात पळाले. त्यांचे पाय दोन वर्षांपूर्वीच गेले होते आणि अंगाने त्या भारी. मला एकटीला उचलेनात. त्या म्हणाल्या, "मला सोड, आधी तुझे दागिने घे." मी रडत होते आणि त्या मला शिव्या देत होत्या. मदतीला कोणाला तरी आणावं म्हणून मी बाहेर धावले.

बाहेर तालो आजोबा लापांगवरून काठी टेकत आले होते. लापांग म्हणजे ओळीपुढचा तो लाकडी ओटा, जिथे कुळातले म्हातारे बसतात आणि जिथे काय ते ठरतं. त्यांनी घरं मोजली. मग काठी वर करून म्हणाले, "नववं पाडा. त्याचे खांब कुजलेत, लवकर येईल. तेवढी जागा मोकळी झाली तर पुढची चाळीस राहतील."

कोणी हललं नाही. आम्ही वीसेक बाया उभ्या होतो, हातात कोयते. पण आगटीत विस्तव असलेल्या घराला पात्याने शिवायचं, तेही कुळातल्या पुरुषांनी सांगितल्याशिवाय, हे कोणाच्या हातून होईना. कोणीतरी म्हणालं, कोयांगला विचारायला हवं. नाहरलगुनला. आग सहाव्या घरावर होती.

याम्यांगकाकी तिच्या ओसरीवर उभी होती. पाठीवर टोपली, टोपलीत दोन पितळी भांडी आणि ताकरकाकांचा लाल कडांचा पांघरायचा पंचा. ती आमच्या घराकडे बघत होती. दारातून सासूबाईंच्या शिव्या ऐकू येत होत्या.

"पाडा," ती म्हणाली. "काढायचंच होतं मला."

ती आत गेली आणि स्वतःच्या आगटीवर पाणी ओतलं. ती राख मी कधी थंड पाहिली नव्हती. मग कोयता घेऊन खाली उतरली आणि पहिली गाठ तिने कापली. आम्ही भलत्याच खांबाला हात घालत होतो तेव्हा ती ओरडून सांगत होती, हा नव्हे, तो. हा सुटला की नुसतं ओसरीचं छप्पर येईल, कोपऱ्यातला आधी सोडवा. कुठे कोणती गाठ आहे हे तिला डोळे मिटूनही सांगता आलं असतं. नवऱ्याने ती बांधली तेव्हा खालून वेत देणारी तीच होती. मग आम्ही दोर लावले आणि ओढलं. घर वाटेच्या बाजूला आलं. एवढं मोठं घर, पण पडताना फारसा आवाज झाला नाही, टोपली चेपावी तसं चेपलं. आम्ही तुकडे ओढत लांब नेले. हात सोलले होते, कोणाचं लक्ष नव्हतं.

आठवं घर, पुस्सांगचं, पूर्ण जळलं. आग तिथे थांबली.

संध्याकाळी पुरुष परतले तेव्हा ओळीचं खालचं टोक काळं होतं आणि बाकीची ओळ जागच्या जागी. माझा नवरा हाबुंग दारात येऊन आईला जिवंत बघून खाली बसला, आणि मग उठून याम्यांगकाकीच्या पाया पडला. आमच्यात असं कोणी कोणाच्या पाया पडत नाही. काकी म्हणाली, "ऊठ. तुझ्या आईच्या तोंडाला घाबरून केलं मी. ती मेली असती तर तिकडे जाऊन माझं नाव खराब केलं असतं."

काकी आमच्याकडे राहायला आली. दुसरीकडे कुठे जाणार. सगळी ओळ तिच्यासाठी तांदूळ घेऊन येत होती, तांदळाची दारू घेऊन येत होती, आमच्या पुढच्या आगटीभोवती आठ दिवस माणसं हलली नाहीत. म्हातारी माणसं म्हणत, तुझ्यामुळे आम्ही छपराखाली आहोत. काकीला त्याचा कंटाळा आला. मला हळूच म्हणाली, "यांना सांग, दारू पुरे, आता वेत आणा."

पण म्योको तोंडावर आला होता, आणि जळालेल्या आठ घरांत सण करायचा तर आगटी हवी, आगटीवर छप्पर हवं. पाहुणे येणार, पुजारी घरात येऊन मंत्र म्हणणार. तेव्हा आधी ती आठ घरं, असं लापांगवर ठरलं. ते बरोबरच होतं. त्यांच्यात लहान मुलं होती, एका घरात बाळंतीण होती. काकी तर आमच्याकडे सुखात होती. बांबू मात्र एवढ्यात तोडून सुकवणार कुठून? तेव्हा तिचे जमवलेले सुके बांबू वापरायचे, आणि सण झाला की प्रत्येकाने आपल्या बेटातून परत द्यायचे. तालो आजोबा स्वतः विचारायला आले. काकीने मान हलवली. पुस्सांगचं घर तिच्या बांबूचं झालं.

म्योको संपला आणि रोपं लावायचे दिवस आले. मग पाऊस. पावसात घर बांधत नाहीत आणि उन्हाळ्यातला बांबू कोणी तोडत नाही, त्याला भुंगा लागतो. तेव्हा हिवाळ्यात. काकी म्हणाली, हिवाळा काय, येतोच.

त्या मधल्या महिन्यांचं मला आता सांगायचं आहे, कारण त्यात मी आहे. आमच्या घराच्या त्या भिंतीला लग्न होऊन आल्यापासून मी कधी ऊन लागलेलं पाहिलं नव्हतं. आता सकाळपासून ऊन यायचं. आत बुरशीचा वास येईनासा झाला. मी मिरच्या तिथे वाळत घातल्या. हाबुंगने सरपण रचलं. ओळीतली पोरं तिथे खेळायला लागली, बायका दुपारच्या सुपं घेऊन बसायला लागल्या. आमच्या ओळीत एवढी मोकळी जागा पूर्वी नव्हतीच. सुगीला मी चटया पसरून भात तिथेच वाळवलं. याम्यांगकाकी माझ्याबरोबर भात खालीवर करायची. चटयांवरून फिरताना एका जागेला मात्र ती वळसा घालून जायची. तिथे तिची आगटी होती. मी ते पाहायची आणि भात पसरत राहायची.

एका रात्री जेवताना हाबुंगला मी म्हटलं, "बरं झालंय एका परीनं. भिंतीला ऊन लागतं." तो म्हणाला, "आणि पुढं कधी आग लागली तर इथेच अडेल." एवढंच आमचं बोलणं. काकी मागच्या आगटीजवळ सासूबाईंचे पाय चोळत होती.

सासूबाई मात्र रोज विचारायच्या, बांबू तोडायला सुरुवात झाली का. त्यांना घाई होती, काकीहून जास्त. एकदा दोघी बोलत होत्या नेलीबद्दल, मेल्यावर जातो त्या गावाबद्दल. म्हातारपणी सगळेच बोलतात. न्यिबू, आमचा पुजारी, सांगतो की नेली अशीच आहे, अशाच ओळी, घराला घर लागलेलं, तीच माणसं शेजारी. बाई तिथे आपल्या पहिल्या नवऱ्याच्या घरी जाते.

काकी म्हणाली, "ताकर तिकडे नवव्या घरात बसला असेल. मी इथून निघाले आणि नववं घरच नसलं, तर कुठल्या दारात शिरू गं?"

"आमच्यात ये," सासूबाई म्हणाल्या. "तिकडेही मीच खायला घालायचं तुला."

"तू काय घालतेस? रिन्यो घालते."

दोघी हसल्या. मग काकी आगटीतलं लाकूड उगीच पुढे सारत राहिली. सासूबाई म्हणाल्या, "होईल या हिवाळ्यात. हाबुंगला मी सांगते." आणि त्यांनी सांगितलंही. हाबुंग हो म्हणाला.

हिवाळ्यात बांबू परत आले. ज्याने जेवढे नेले त्याहून जास्तच टाकले प्रत्येकाने. त्या बाबतीत आमची माणसं कमी पडत नाहीत. रास पहिल्यापेक्षा मोठी झाली. काकी रोज सकाळी जाऊन बघून यायची. कोयांगही रजा काढून आला. त्याच आठवड्यात लापांगवर बैठक बसली आणि दुपारपर्यंत चालली.

हाबुंग घरी आला, हात धुतले, बसला. काकी त्याच्यासमोरच होती. तो तिच्याकडे न बघता माझ्याशी बोलला. ठरलं होतं ते असं: आग पुन्हा लागेल, नवव्या घराची जागा मोकळी राहिली तर ओळीचे दोन भाग राहतील, एक जळाला तर दुसरा उरेल. म्हणून ती जागा मोकळीच ठेवायची. बदल्यात काकीला गावाखाली, सडकेला लागून, बेटांजवळ कुळाची जागा द्यायची, हिच्या दुप्पट मोठी. कोयांगने मान्य केलं होतं. तिथे गाडी दारापर्यंत जाते.

काकीने कोयांगला बोलावलं. तो आला, दारातच उभा राहिला. वाईट मुलगा नव्हता तो. म्हणाला, "आई, तूच तर पाडा म्हणालीस."

तिने माझ्याकडे वळून मला विचारलं, "हाबुंग तिथे काय बोलला?"

"मला ठाऊक नाही," मी म्हटलं. मला ठाऊक होतं. भिंतीला ऊन लागतं हे सोडून बाकी सगळं तो तिथे बोलला होता.

मग ती लापांगकडे गेली. बायका तिथे जात नाहीत. ती ओट्यावर चढली नाही, खाली वाटेत उभी राहिली, आणि मी आमच्या ओसरीवरून बघत होते. म्हातारे अजून दारू पीत बसले होते.

"मी घर पाडा म्हटलं होतं," ती म्हणाली. "जागा पाडा म्हटलं नव्हतं."

तालो आजोबांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. त्यांना तिच्याबद्दल माया होती, खोटं कशाला बोलू. म्हणाले, "याम्यांग, तुझ्या घराने चाळीस घरं वाचवली. ती जागा अजूनही वाचवेल. मी मेल्यावरसुद्धा लोक म्हणतील, ही ताकरच्या बायकोची जागा."

"लोक म्हणतील," काकी म्हणाली. "मी राहीन कुठे?"

त्यांनी खालच्या जागेबद्दल पुन्हा सांगितलं. किती मोठी, किती सोयीची. ती ऐकून घेऊन परत आली, आणि सासूबाईंजवळ बसली. सासूबाईंनी हाबुंगला तोंडाला येईल ते ऐकवलं. कुत्र्याला भात घातला असता तर त्यानेही इमान राखलं असतं, असं काहीसं. तो मान खाली घालून ऐकत होता. पण बैठकीत ठरलेलं आईच्या ओरडण्याने बदलत नाही, आणि ते त्या दोघींनाही माहीत होतं.

खाली कोयांगने सिमेंटच्या दोन खोल्या बांधल्या, वर पत्रा. परत आलेल्या बांबूंचं कुंपण झालं. घर चांगलं होतं, नळ होता, गॅस होता. काकीने हट्ट धरून मागे एक आगटीची खोली करून घेतली, तेवढी बांबूची. मी जायची अधूनमधून, सासूबाईंनी दिलेलं काहीतरी घेऊन. त्या म्हणायच्या, तिला विचार, तिकडे कोणाशी भांडतेस? काकी म्हणायची, तिला सांग, इथे भांडायला सडक आहे, ट्रक आहेत. चेहऱ्यावर तेच हसू असायचं. पण मी बसले की ती ओळीतल्या एकेका घराची चौकशी करायची, कोणाच्या ओसरीचा खांब बदलला, कोणाच्या छपरावर पत्रा आला. आणि पुस्सांगच्या घराशी आली की थांबायची आणि दारू ओतायची. आमच्या घराबद्दल विचारायची ती नंतर, वेगळं, जसं दुसऱ्या गावाबद्दल विचारावं.

एकदा मात्र म्हणाली, "रिन्यो, मी त्या दिवशी जरा थांबले असते तर? सहाव्या घरावर होती आग. वारा पडलाही असता."

मी म्हटलं, "सासूबाई आत होत्या, काकी."

"हो," ती म्हणाली. "ते आहेच."

ती दोन वर्षं राहिली तिथे. तिसऱ्या हिवाळ्यात तिला खोकला झाला, तो छातीत उतरला. कोयांग दवाखान्यात घेऊन गेला, चार दिवसांनी परत आणलं. सासूबाईंना खाली नेता येईना. चौघांनी पाटावर बसवून न्यावं म्हटलं तर त्यांना धाप लागायची. काकीला ओळीत आणावं असं मी म्हणणार होते. मग वाटलं, आणून कुठे ठेवायचं? आमच्याकडे? आमच्याकडे मेली तर ती आमच्या घरातली मेलेली होते. मी म्हटलं नाही. ती एका सकाळी गेली, कोयांग हात धरून बसला होता तेव्हा.

दुपारी न्यिबू आला. दोन खोल्यांत माणसं मावत नव्हती. सगळी ओळ आली होती, ती चाळीस घरं आणि नवी बांधलेली आठही. न्यिबू पंखा हातात घेऊन तिच्या उशाशी बसला. मेलेल्याला तो बसल्या जागी, मंत्रांतून, घराच्या दारातून बाहेर काढतो, गावातून वाट सांगत नेलीपर्यंत पोचवतो. सुरुवात करण्याआधी त्याने कोयांगला विचारलं, दार हेच ना?

कोयांग म्हणाला, "वरचं. ओळीतलं. नवव्या घराचं दार घ्या."

"तिथे दार कुठे आहे?"

"होतं."

न्यिबू म्हातारा माणूस, चिडला नाही. म्हणाला, "बाबा, मी उघडतो ते दार असावं लागतं. नसलेल्या दारातून काढली तर ती मध्येच उभी राहील. ना इथे, ना तिथे. मग त्रास तुम्हालाच."

कोयांगने हाबुंगकडे पाहिलं, तालो आजोबांकडे पाहिलं. आजोबांना आता नीट ऐकू येत नव्हतं. त्यांनी शेजारच्याला विचारलं, काय म्हणतो? कोणी सांगितलं नाही. मी बायकांत बसले होते. मी म्हटलं, "आमच्या दारातून न्या तिला." हे माझ्या तोंडून मोठ्याने गेलं. न्यिबू माझ्याकडे वळून म्हणाला, "मग ती तुमच्या घरची होईल. तिचा नवरा तुमच्याकडे कशाला येईल बघायला?"

शेवटी त्याने त्या सिमेंटच्या घराच्या दारातूनच तिला काढलं. सडकेवरून वर आणलं, बेटं डाव्या हाताला ठेवून, आणि खालच्या टोकाने ओळीत शिरला. प्रत्येक घरापाशी तो घरमालकाचं नाव घ्यायचा, इथून पुढे चल म्हणायचा. पहिलं घर, दुसरं घर. कोयांग ओठ हलवत त्याच्याबरोबर मोजत होता. सातवं. मग पुस्सांग, इथून पुढे चल. आणि लगेच, त्याच श्वासात, हाबुंग, इथून पुढे चल. मग अकरावं घर.

तिला कुळाच्या जागेत पुरून आम्ही परतलो. हात पाय धुऊन, शुद्धीसाठी आगीचा धूर अंगावर घेऊन मी आत गेले. सासूबाई सकाळपासून एकट्या होत्या, त्यांनी काही खाल्लं नव्हतं.

"कुठून काढली तिला?" त्यांनी विचारलं.

"तिच्या दारातून."

"नवव्या?"

मी भाताचं भांडं उतरवत होते. "हो," मी म्हटलं.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "तू जवळ होतीस ना? तुला ऐकू आलं नीट?"

"आलं."

"पुस्सांगच्या पुढे ताकरचं नाव घेतलं?"

"घेतलं," मी म्हटलं, आणि घास त्यांच्या तोंडाजवळ नेला. त्यांनी तो घेतला, पण बराच वेळ चावला नाही.